टोपलीतली कुत्री आणि आपला उन्हाळा

उन्हाळा तापला की माझ्या दवाखान्याच्या फोनवर एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, कुत्रा खूप धापा टाकतोय, अंग तापलंय. पॅरासिटामॉल देऊ का?" मी माणसांचा डॉक्टर आहे, प्राण्यांचा नाही. पण या प्रश्नाचं उत्तर अडीचशे वर्षांच्या वैद्यकीय इतिहासात दडलेलं आहे, म्हणून आज ती गोष्ट सांगतो.

अठराव्या शतकात हॉलंडमधले नामांकित वैद्य बोअरहावे यांचं मत होतं की, श्वासातली हवा रक्तापेक्षा गरम झाली तर प्राणी जगू शकत नाही. पडताळा घेण्यासाठी त्यांनी थर्मामीटर बनवणाऱ्या फॅरनहाइट यांच्याकडून प्रयोग करवून घेतला. साखर वाळवण्याच्या गरम खोलीत एक चिमणी, एक मांजर आणि एक कुत्रा ठेवला. तापमान होतं 146 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 63 अंश सेल्सिअस. तिघेही मेले. कुत्रा अर्धा तासही टिकला नाही. 1732 साली हे छापून आलं आणि बराच काळ तेच खरं मानलं गेलं.

पुढे 1770च्या दशकात लंडनमध्ये डॉ. चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्यांचे सहकारी स्वतःच एका तापवलेल्या कोरड्या खोलीत शिरले. ब्लॅग्डेन 260 अंश फॅरनहाइटला (सुमारे 127 सेल्सिअस) आठ मिनिटं थांबले आणि धडधाकट बाहेर आले. त्याच खोलीत ठेवलेली अंडी उकडल्यासारखी घट्ट झाली, मांस शिजलं!

नंतर त्यांनी एक कुत्री आत ठेवली. फरशीने पाय भाजू नयेत म्हणून तिला टोपलीत बसवलं. तापमान 220 वरून 236 अंशांपर्यंत, म्हणजे 113 सेल्सिअसपर्यंत चढलं. थोड्या वेळाने तिने जीभ बाहेर काढली, धापा टाकू लागली. अर्ध्या तासाने बाहेर काढलं तेव्हा टोपलीचा तळ लाळेने ओला झाला होता. कुत्री जिवंत होती.

एक कुत्रा 63 अंशांना मेला, दुसरी 113 अंशांना वाचली. म्हणजे थर्मामीटरवरचा आकडा एवढं एकच कारण पुरेसं नाही.

दुसरं कारण काय, याचा धागा ब्लॅग्डेन यांच्याच एका साध्या प्रयोगात सापडतो. त्या खोलीत ठेवलेलं उघडं पाणी उकळेना. वर तेलाचा थर दिल्यावर मात्र उकळलं. उघड्या पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जात होती, तेलाने ती वाट बंद झाली. आपला माठ असाच काम करतो. माठाला बाहेरून ऑइलपेंट लावून बघा, पाणी गार होणार नाही. ब्लॅग्डेन यांना मात्र बाष्पीभवनाखेरीज जिवंत शरीराची आणखी काही शक्ती असावी, असंही वाटत होतं.

आपला माठ म्हणजे आपली त्वचा. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही, पंजांना येतो तो नगण्य. त्याचा माठ नाकातोंडात आहे. 1880च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे यांनी दाखवलं की, तोंड बांधलेला कुत्रा उष्णतेत पटकन तापतो, तोंड मोकळं असलेला तग धरतो. 1970 साली श्मिट-नील्सन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट शोधली. धापा टाकताना कुत्रा हवा बरीचशी नाकाने आत घेतो आणि तोंडाने बाहेर सोडतो. नाकातल्या ओलसर पडद्यावरून हवा जाते आणि तिथेच गारवा तयार होतो.

आता पग, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या जातींचा विचार करा. दिसायला गोंडस म्हणून माणसाने त्यांचं नाक पिढ्यान्‌पिढ्या आखूड केलं, म्हणजे माठच लहान केला. त्यांना उष्माघात लवकर होतो, यात नवल नाही.

बंद गाडीचं काय? 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात तासाभरात गाडीच्या आतलं तापमान सरासरी 40 अंश फॅरनहाइटने (22 सेल्सिअस) वाढलं, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. शिवाय कुत्र्याच्या धापांनी आतली हवा दमट होते. दमट हवेत पाणी उडत नाही, म्हणजे माठाला तेल लागलं! कोकणातल्या दमट दुपारीही हीच अडचण असते.

म्हणून लक्षात ठेवा:

• सावली, वाहती हवा आणि पिण्याचं पाणी कायम हवं. पाणी संपलं की माठही कोरडा.

• तोंड घट्ट बांधणारी जाळी उन्हात घालू नका.

• फिरवणं पहाटे किंवा ऊन पूर्ण उतरल्यावर. रस्त्यावर आधी आपला तळहात टेकवा. ब्लॅग्डेन यांनी टोपली दिली होती, आपण निदान डांबर तरी टाळू.

• गाडीत "पाचच मिनिटं" सुद्धा नाही.

धापा थांबत नाहीत, लाळ चिकट झाली, तोल जातोय, उलटी होतेय, तर हा उष्माघात समजा. लगेच सावलीत न्या, अंगावर नळाचं पाणी ओता, पंखा लावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आधी गार करा आणि लगोलग पशुवैद्यांकडे न्या.

आणि तो पॅरासिटामॉलचा प्रश्न? ताप आणि उष्माघात या वेगळ्या गोष्टी आहेत. तापात मेंदूच शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो, तिथे गोळी काम करते. उष्माघातात गार करणारी यंत्रणाच हरलेली असते, गोळीचा उपयोग शून्य. उलट मांजराला ती एक गोळी जीवघेणी ठरू शकते.

तेव्हा पुढच्या वेळी औषधाच्या डब्याकडे हात जाण्याआधी पाण्याच्या बादलीकडे जाऊ द्या.