समुद्राच्या तळची बखर

इतिहास म्हटला की आपल्यापुढे ताम्रपट आणि शिलालेख उभे राहतात. परंतु समुद्राचीही एक बखर आहे. फोरॅमिनिफेरा नावाच्या वाळूच्या कणाएवढ्या जीवांच्या चुन्याच्या कवचांत ती साठली आहे. ती वाचण्याची किल्ली १९४७ साली हॅरॉल्ड यूरी यांच्या गणिताने हाती आली. पाणी जितके थंड, तितके कवचात प्राणवायूचे जड अणू अधिक. या आधारे चेझारे एमिलियानी यांनी तळच्या गाळातील कवचे तपासून १९५५ साली हिमयुगांतील तपमानाचे आलेख मांडले.

पण येथे एक पेच होता. हलक्या अणूंच्या पाण्याची वाफ लवकर होते. हिमयुगात ते पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकून पडते आणि मागे उरलेला समुद्र जड होतो. मग कवच जड झाले ते थंडीने की बर्फाने? एमिलियानी म्हणत, मुख्यतः थंडीने. केंब्रिजच्या निकोलस शॅकलटन यांनी १९६७ साली तळच्या जीवांकडे बोट दाखविले. तेथील पाणी आजही गोठण्याच्या बेतात असते. ते आणखी किती थंड होणार? तरी त्यांच्या कवचांतला फरक जवळजवळ तेवढाच. म्हणजे हिशेब बहुतांशी बर्फाचा होता! आम्हांला यात मौज वाटते ती ही, की एमिलियानींचे मोजमाप खरेच होते, अर्थ तेवढा बदलला.

१९७६ साली हेज, इंब्री आणि शॅकलटन यांना दक्षिण हिंदी महासागराच्या गाळात सुमारे १ लाख, ४१ हजार व २३ हजार वर्षांची आवर्तने आढळली. मिलान्कोविच यांनी हिमयुगांचे कारण पृथ्वीच्या भ्रमणातील फेरफारांत शोधले होते; त्या फेरफारांशी ती जुळली. एमिलियानींचा कल प्रथमपासून याच मताकडे होता.