दोन तिकिटांचं पत्र

तेरेखोल गोव्याचं, पण नदीच्या उत्तर काठावर. जमिनीने लागलेलं रेडीला. केरीहून जायचं तर नदी ओलांडावी लागते. सरहद्द म्हणजे काय, हे अशा गावात बायकांना माहेर-सासरच्या निरोपांवरून कळत असणार.

पोर्तुगीजांनी गोव्यासाठी १८७१ साली स्वतःची टपाल तिकिटं काढली. ती चालायची त्यांच्याच हद्दीत. पत्र ब्रिटिश मुलखात जायचं तर वर इंग्रजांचंही तिकीट हवं. एक लिफाफा, दोन सरकारं! हातची चिठ्ठी घेऊन रेडीला चालत जाणाऱ्याला मात्र कसलं आलंय तिकीट?

१८७४ साली बर्न शहरात २२ देशांनी करार केला, की टपालापुरता सगळ्यांचा मुलूख एकच. हिंदुस्थान त्यात १८७६ ला आला, पोर्तुगीज वसाहती १८७७ ला. दुसरं तिकीट गेलं.

ई-मेलचंही तसंच. आधी एका कंपनीच्या ग्राहकाचं पत्र दुसरीच्या ग्राहकाला जाईना. मेल पोचवायचा समान नियम १९८२ ला लिहिला गेला, पण तो सगळीकडे रुळायला वर्षं गेली. शिवाय पोचणं वेगळं, वाचता येणं वेगळं. मेलमधून अक्षरं जात नाहीत, जातात आकडे. कुठला आकडा म्हणजे ‘क’, हे दोन्हीकडे एकच ठरलेलं हवं. युनिकोडने १९९१ पासून ते ठरवलं खरं, तरी आमच्या घरच्या बारशाचं मराठी आमंत्रण नणंदेकडे नुसती प्रश्नचिन्हं होऊन गेलं. तिने फोन केला, ‘वहिनी, एवढं काय विचारतेस गं?’