तापाच्या रकान्यातले मृत्यू

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या खेड्यांत मृत्यूची नोंद गावकामगार ठेवीत. घरच्यांनी सांगितले तेच मरणाचे कारण. पटकी, देवी, प्लेग ही ओळखीची दुखणी सोडली, तर बहुतेक मरणे ‘ताप’ या एकाच सदरात जात. चोरून केलेला गर्भपात बिघडला, की जंतुसंसर्ग होऊन बाई तापानेच फणफणे. मग तिच्या मरणाची वेगळी नोंद कोण करणार? अशा किती बायका गेल्या, हे नोंदवही सांगत नाही. पण ती का सांगत नाही, हे तपासता येते.

पहिले कारण कायद्यात आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३१२ नुसार गर्भपात घडवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत, आणि पोटात हालचाल सुरू झाल्यानंतर सात वर्षांपर्यंत कैद होती. बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने केलेला गर्भपात तेवढा अपवाद. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही याच कलमात येते, असा खुलासा खाली जोडलेला होता. म्हणजे जी रुग्ण, तीच आरोपी. बाई दगावली तर कलम ३१४ खाली सुईणीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा. रक्त थांबत नसतानाही डॉक्टरला बोलावण्याची छाती मग कोणाची होणार?

दुसरे कारण साधनांत. डॉ. जयसिंग मोदी यांच्या १९२० साली निघालेल्या वैद्यकीय न्यायशास्त्राच्या ग्रंथाने या मृत्यूंतल्या काड्यांची नोंद केली आहे : रुईच्या, कण्हेरीच्या, लाल चित्रकाच्या, कधी बिब्ब्याचा रस लावलेल्या. पेनिसिलीन अजून दोन दशके दूर होते. कुजबुज किंवा भाऊबंदकी पोलिसांपर्यंत पोचली, तरच पंचनामा होई आणि त्या बाईचे मरण कागदावर येई.

तिसरे कारण अब्रूचे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, पण उच्चवर्णीय घरांनी तो उंबऱ्याबाहेरच ठेवला. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात विधवांसाठी गुप्त बाळंतपणाची सोय केली. तिथवर पोचणे जिला जमले नाही, तिला सुईणीचाच आसरा. सततच्या बाळंतपणांनी खंगलेल्या सवाष्णीचीही वाट तीच. तिच्यासाठी र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि आयुष्यभर टवाळी सोसली. १९३८ साली मुंबई विधानसभेत आंबेडकरांच्या पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

१९६४ साली शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. दंडसंहितेला तेव्हा शंभर वर्षे उलटून गेली होती, तरी समितीच्या हाती मोजणी नव्हती. देशात वर्षाला सुमारे ३९ लाख गर्भपात मुद्दाम घडवले जात असावेत, हा तिचा निव्वळ अंदाज. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याआधीच्या बायका मात्र अजून तापाच्या रकान्यातच आहेत.