यश मिळण्याआधीच बंद झालेलं रॉकेट

आपल्यापैकी बरेच जण सुट्टीत आइल ऑफ वाइटला जाऊन आले असतील. नीडल्सचे पांढरे खडक बघताना वरच्या कड्यावर काँक्रीटची जुनी बांधकामं दिसतात. त्या जागेचं नाव हाय डाउन. तिथे एके काळी रॉकेटची इंजिनं पेटवून तपासली जात. आज ऐकू या त्यातल्याच एका रॉकेटची गोष्ट. त्याचं नाव ब्लॅक ॲरो.

या बेटावरच्या ईस्ट काउज गावात सॉन्डर्स-रो ही विमानं बांधणारी कंपनी होती. तिने आधी ब्लॅक नाइट नावाचं चाचणी रॉकेट बनवलं. १९५८ ते १९६५ या काळात त्याची २२ उड्डाणं झाली. तोच अनुभव वापरून, फार खर्च न करता, छोटे उपग्रह सोडणारं रॉकेट बनवायचं ठरलं. तेच हे ब्लॅक ॲरो. उंची १३ मीटर, म्हणजे साधारण चार मजली इमारतीएवढी. वजन सुमारे १८ टन. टप्पे तीन.

याचं इंधन मोठं मजेशीर होतं. रॉकेल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड! जखम धुवायला औषधाच्या दुकानात मिळतं तेच पेरॉक्साइड, फक्त कितीतरी पट तीव्र. चांदीचा मुलामा दिलेल्या जाळीवरून ते सोडलं की त्याची प्रचंड तापलेली वाफ आणि ऑक्सिजन होतो. त्यात रॉकेल फवारलं की ते आपोआप पेट घेतं, ठिणगीसुद्धा लागत नाही. पहिल्या टप्प्यात अशी आठ ज्वलनकक्षं होती, दुसऱ्यात दोन. तिसऱ्या टप्प्यात घन इंधनाची छोटी मोटर होती.

उड्डाणं मात्र ऑस्ट्रेलियातल्या वूमेरा इथून व्हायची. पहिलं झालं २८ जून १९६९ ला. इंजिनांची दिशा वळवणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला, रॉकेट भरकटलं आणि ते हवेतच नष्ट करावं लागलं. ४ मार्च १९७० चं दुसरं चाचणी उड्डाण ठीक झालं. त्याच वर्षी २ सप्टेंबरला तिसरं झालं, या वेळी उपग्रहासह. पण दुसऱ्या टप्प्यातल्या गळतीमुळे दाब कमी पडला, इंजिन वेळेआधी बंद झालं आणि उपग्रह गेला.

तीन प्रयत्न, उपग्रह एकही नाही. २९ जुलै १९७१ ला सरकारने संसदेत जाहीर केलं की हा प्रकल्प बंद. अमेरिकेचं स्काउट रॉकेट वापरणं परवडेल, असा हिशोब होता. तेव्हा एक रॉकेट उड्डाणाच्या तयारीत होतं, तेवढं उडवायची परवानगी मिळाली. २८ ऑक्टोबर १९७१ ला ते उडालं आणि ६६ किलोचा प्रॉस्पेरो उपग्रह अचूक कक्षेत पोहोचला! प्रॉस्पेरो म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकातला, आपली जादू स्वतःहून सोडून देणारा जादूगार. नाव असं खरं ठरलं. पुढचं रॉकेट तयार होतं, ते उडालंच नाही. ते लंडनच्या सायन्स म्युझियमकडे गेलं.

मी आयटीत काम करतो. बंद केलेले प्रकल्प भरपूर पाहिलेत. प्रत्येक वेळी वाचलेले पैसे कागदावर दिसतात. हात बसलेली माणसं पांगतात, त्यांची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

आता जवळपास त्याच काळातलं दुसरं छोटं रॉकेट बघा. भारताचं एसएलव्ही-३. त्याचीही उड्डाणं चारच. १९७९ चं पहिलं अपयशी ठरलं. १८ जुलै १९८० ला दुसऱ्याने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. या रॉकेटचे चारही टप्पे घन इंधनाचे होते आणि त्या इंधनाच्या कामात आपले डॉ. वसंत गोवारीकर अग्रभागी होते. बर्मिंगहॅममध्ये डॉक्टरेट करून ते १९६७ मध्ये थुंब्याला परतले होते. १९८३ नंतर एसएलव्ही-३ निवृत्त झालं, पण त्याची पहिल्या टप्प्याची मोटर निवृत्त झाली नाही. आधी एएसएलव्हीच्या आणि मग पीएसएलव्हीच्या कडेला जोडरॉकेट म्हणून ती लागली. वाटेत अपयशं आली. एएसएलव्हीची पहिली दोन्ही उड्डाणं फसली, पीएसएलव्हीचं पहिलंही फसलं. पण धागा कुणी तोडला नाही.

१० जुलै २०१५ ला श्रीहरिकोट्याहून एक पीएसएलव्ही उडालं. त्याच्या कडेला त्याच मोटरची लांब केलेली आवृत्ती होती, सहा नग. आणि वर होते पाच उपग्रह. पाचही ब्रिटिश!

यात कुणाला हिणवायचं कारण नाही. ब्रिटनच्या उपग्रह बांधणीला आजही जगात मान आहे, आणि प्रॉस्पेरो अजून पृथ्वीभोवती फिरतोच आहे. चार उड्डाणांत दोन्ही देश शिकले. एकाने ते शिकणं पुढच्या रॉकेटला दिलं, दुसऱ्याने ते संग्रहालयात ठेवलं. घरी मुलांना ही गोष्ट सांगाल, तेव्हा तारखांआधी एवढं नक्की सांगा.