रुमालाखालची बोली

माझा भाचा अकोल्यात नीटच्या मुलांसाठी हॉस्टेल चालवतो. गेल्या उन्हाळ्यात रात्रीचं जेवण झालं की तो मोबाईल घेऊन बसायचा आणि इंटरनेटवरच्या आपल्या जाहिरातीची बोली वरखाली करायचा. कुणी 'अकोला हॉस्टेल' शोधलं की याचं नाव वर दिसावं, म्हणून दर क्लिकमागे किती रुपये मोजायचे ते ठरवायचं. संध्याकाळी जास्त, मध्यरात्री कमी. मोबाईलसाठी ९०० टक्क्यांपर्यंत बोली वाढवता येते, हे त्याने कौतुकाने दाखवलं.

मी विचारलं, "समोरचा किती लावतोय?"

"मामू, ते दिसत नाही."

मला दादाजानचा रुमाल आठवला. तरुणपणी ते एका अडत्याकडे मुनीम होते. खरेदीदार आणि दलाल रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचे. कापूस ज्याचा, तो शेतकरी बैलगाडीशी उभा राहून नुसता रुमाल हललेला बघायचा. हत्ता पद्धत म्हणत त्याला.

गंमत अशी, की हिंदुस्थानात बाजाराला नियम लावण्याची सुरुवात आपल्या वऱ्हाडातच झाली. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वाजवी दरात चांगला कापूस हवा होता. १८८६ मध्ये कारंज्याचा बाजार नियमांखाली आला. (कारंजा आज वाशीम जिल्ह्यात, १९९८ पर्यंत अकोल्यात होतं.) १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. बाजारावर समिती आली, दलाल आणि मापारी यांना परवाने आले. शेतकऱ्याच्या कळवळ्याने हे झालं असं मला वाटत नाही. समितीत जोर व्यापाऱ्यांचाच होता. पण काट्यावरच्या माणसाला परवाना लागू लागला, ही लहान गोष्ट नव्हे. उघड लिलावाचा आग्रह पुढे वाढत गेला, आणि १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने तो नियम झाला.

शोधशब्दांचा बाजार मात्र उलट्या वाटेने गेला. १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या गोटू कंपनीने तो सुरू केला तेव्हा सगळ्यांच्या बोल्या उघड दिसत. लोक एकमेकांवर एकेक सेंट चढवत, परवडेनासं झालं की एकदम खाली येत, पुन्हा चढत. त्यासाठी यंत्रंही आली. २००२ मध्ये गुगलने रीत बदलली: जिंकणाऱ्याने स्वतःची पूर्ण बोली भरायची नाही, खालच्याला मागे टाकण्यापुरतंच द्यायचं, आणि क्रम लावताना लोक जाहिरातीवर किती क्लिक करतात तेही मोजायचं. चढाओढ थंडावली. पण दुसऱ्याची बोली झाकली गेली, आणि लिलाव पुकारणारा व काटा धरणारा एकच झाला. कारंज्याच्या शेतकऱ्याला निदान समितीच्या दारात जाऊन भांडता येत होतं.

भाचा महिनाभर न दिसणाऱ्या माणसावर चढत राहिला. जूनमध्ये हिशेब मांडला, तर जाहिरातीवर गेलेले पैसे आलेल्या मुलांच्या पहिल्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त. मग आम्ही वही काढली. किती क्लिकमागे एक मुलगा येतो आणि एका मुलामागे हातात काय उरतं, एवढंच लिहिलं. बोली निम्म्याहून खाली आली. नाव आता तिसऱ्या जागी दिसतं. दोन खोल्या अजून रिकाम्या आहेत.