व्हॉट्सॲपवरचं बोलणं किती खासगी असतं? एन्क्रिप्शन काय झाकतं आणि काय उघडं ठेवतं

व्हॉट्सॲपवर नवा चॅट सुरू केला की सगळ्यात वर एक छोटी सूचना दिसते. हे संभाषण एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे आणि व्हॉट्सॲपलाही ते वाचता येत नाही, असं ती सांगते. बहुतेक जण ती न वाचताच पुढे जातात.

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईत अमली पदार्थांच्या एका प्रकरणाचा तपास सुरू होता. त्या वेळी हिंदी सिनेसृष्टीतल्या लोकांचे काही वर्षांपूर्वीचे व्हॉट्सॲप चॅट वृत्तवाहिन्यांवर झळकले. सगळं एन्क्रिप्टेड असेल तर हे बाहेर आलं कसं, असा प्रश्न अनेकांना पडला. मेसेज फक्त पाठवणारा आणि ज्याला पाठवला तोच वाचू शकतो, असं स्पष्टीकरण व्हॉट्सॲपने दिलं. फोनला पक्का पासवर्ड किंवा बोटाच्या ठशाचं कुलूप लावा, असंही कंपनीने सुचवलं.

कंपनी खोटं बोलत नव्हती, आणि तरीही चॅट लोकांसमोर आले होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजलं की मोबाइलवरच्या खासगीपणाचं बरंचसं कोडं सुटतं.

एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणजे काय?

एन्क्रिप्शन म्हणजे मजकूर गणिती पद्धतीने असा बदलून टाकणं की योग्य किल्लीशिवाय त्याचा अर्थ लागू नये. संकेतस्थळांवर, बँकेच्या ॲपमध्ये ते असतंच. पण तिथे किल्ली दुसऱ्या टोकाला बसलेल्या कंपनीकडेही असते.

एंड-टू-एंड प्रकारात किल्ली फक्त दोन टोकांच्या फोनमध्ये असते. मधला सर्व्हर बंद पाकीट इकडून तिकडे पोहोचवतो, पण ते उघडू शकत नाही.

साधा एसएमएस असा बंद नसतो. तो मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतून जातो आणि तिथे वाचता येऊ शकतो. बँकांचे ओटीपी आजही मोठ्या प्रमाणावर त्याच मार्गाने येतात.

न भेटता किल्ली कशी ठरते?

पूर्वी गुप्त संदेश पाठवायचा तर आधी भेटून किल्ली ठरवावी लागे. १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकी संशोधकांनी यातून वाट दाखवणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यामागची कल्पना एका उदाहरणातून समजते.

समजा, पुण्यात शिकणाऱ्या मुलाला लातूरहून आईकडून काही कागदपत्रं हवी आहेत आणि ती एसटीच्या पार्सलने येणार आहेत. मुलगा आईकडे एक उघडं कुलूप पाठवतो आणि किल्ली स्वतःजवळ ठेवतो. आई कागदपत्रं पेटीत घालून ते कुलूप दाबून बंद करते. दाबून बंद करायला किल्ली लागत नाही. पार्सल कितीही हातांतून गेलं तरी पेटी फक्त मुलगाच उघडू शकतो.

हे उघडं कुलूप म्हणजे ‘पब्लिक की’. ती कुणालाही दिली तरी चालते. मुलाच्या खिशातली किल्ली म्हणजे ‘प्रायव्हेट की’. ती फोनच्या बाहेर जात नाही.

यात एक धोका राहतो. पार्सल कार्यालयातल्या कुणी मुलाचं कुलूप काढून घेतलं आणि आईला स्वतःचंच पाठवलं तर? तो मध्येच पेटी उघडेल, वाचेल आणि मुलाचं कुलूप लावून पुढे पाठवेल. दोघांनाही पत्ता लागणार नाही. यासाठीच व्हॉट्सॲपवर प्रत्येक संपर्काच्या माहितीत ६० आकडी सुरक्षा कोड असतो. दोघांनी समोरासमोर तो जुळवून पाहिला आणि आकडे तेच निघाले, तर मध्ये कुणी नाही याची खात्री पटते.

व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन ‘सिग्नल प्रोटोकॉल’वर चालतं. ट्रेव्हर पेरिन आणि मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी तो तयार केला. त्यात मेसेजची किल्ली सतत बदलत राहते, त्यामुळे एखादी किल्ली कुणाच्या हाती लागली तरी तिने आधीचे मेसेज उघडत नाहीत. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये हे कुलूप सर्व वापरकर्त्यांच्या मेसेज आणि कॉल्सना लावलं. तेव्हा त्यांची संख्या १०० कोटींच्या वर होती.

सगळी ॲप सारखी नसतात

सिग्नल हे ॲप ना-नफा संस्था चालवते आणि त्यात सर्व चॅट, ग्रुप आणि कॉल आपोआप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात. ॲपलचं आयमेसेज २०११ पासून असंच आहे, पण ते फक्त ॲपलच्या उपकरणांमध्ये. फेसबुक मेसेंजरने वैयक्तिक चॅटसाठी ही सोय आपोआप लागू करायला डिसेंबर २०२३ मध्ये सुरुवात केली.

टेलिग्रामबद्दल मोठा गैरसमज आहे. अनेक जण ते सर्वांत गुप्त ॲप समजतात. प्रत्यक्षात त्यातले नेहमीचे चॅट टेलिग्रामच्या सर्व्हरवर साठवले जातात आणि त्यांच्या किल्ल्या कंपनीच्या ताब्यात असतात. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन हवं तर ‘सीक्रेट चॅट’ मुद्दाम सुरू करावा लागतो, आणि ग्रुपसाठी ती सोय नाही.

मग चॅट बाहेर कसे येतात?

कुलूप मोडून नव्हे. चॅट बाहेर येण्याच्या वाटा सहसा टोकांजवळ असतात.

पहिली वाट म्हणजे फोन. मेसेज वाचता यावा म्हणून तो फोनवर उलगडावाच लागतो. फोन उघडा मिळाला, जप्त झाला किंवा त्यातल्या माहितीची हुबेहूब प्रत काढली गेली, की एन्क्रिप्शनचं काम तिथे संपतं.

दुसरी वाट म्हणजे बॅकअप. फोन हरवला तरी चॅट परत मिळावेत म्हणून ते गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर साठवले जातात. व्हॉट्सॲपचे हे बॅकअप अनेक वर्षं एंड-टू-एंड एन्क्रिप्शनच्या बाहेर होते. ऑक्टोबर २०२१ पासून त्यांनाही पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली लावता येऊ लागली, पण तो पर्याय वापरकर्त्याने स्वतः निवडायचा होता. पेटीला भक्कम कुलूप आणि आतल्या कागदांच्या झेरॉक्स ओसरीवर, अशी अनेकांची स्थिती त्यामुळे राहिली.

तिसरी वाट म्हणजे हेरगिरीचं सॉफ्टवेअर. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलिंगमधल्या त्रुटीचा वापर करून इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचं ‘पेगासस’ सुमारे १,४०० फोनना लक्ष्य करण्यासाठी वापरलं गेलं. लक्ष्य झालेल्यांमध्ये भारतातले पत्रकार आणि मानवी हक्क कार्यकर्तेही होते. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. असं सॉफ्टवेअर कुलूप फोडत नाही. मालक पेटी उघडून वाचत असताना ते खांद्यावरून डोकावतं. व्हॉट्सॲपने त्याच वर्षी अमेरिकेत खटला भरला आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने एनएसओला जबाबदार धरलं.

चौथी वाट सर्वांत साधी: समोरचा माणूस. तो स्क्रीनशॉट काढू शकतो किंवा मेसेज पुढे पाठवू शकतो. त्याने तक्रार केली, म्हणजे ‘रिपोर्ट’चं बटण दाबलं, तर आलेल्या शेवटच्या पाच मेसेजपर्यंतचा मजकूर व्हॉट्सॲपकडे जातो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी येमेनमधल्या हल्ल्यांची चर्चा सिग्नलच्या एका ग्रुपमध्ये केली आणि त्या ग्रुपमध्ये ‘द अटलांटिक’ मासिकाच्या संपादकांना चुकून घेतलं गेलं होतं. एन्क्रिप्शन व्यवस्थित चालू होतं. ग्रुपमध्ये कोण आहे, हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

मजकूर झाकलेला, व्यवहार दिसतो

बंद पाकिटावरही पत्ता असतोच. कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोलतं, कोणत्या ग्रुपमध्ये आहे, कोणत्या फोनवरून आणि साधारण कुठून, या माहितीला मेटाडेटा म्हणतात. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन तो झाकत नाही.

त्यातूनही खूप काही कळतं. एखादी व्यक्ती कर्करोगतज्ज्ञाशी बोलली, लगेच घरी कॉल केला आणि मग विमा एजंटला मेसेज पाठवला. यातला एक शब्दही न वाचता पुढचा अंदाज बांधता येतो.

ॲपमधला खरा फरक इथे दिसतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका तपासात सिग्नलकडे वापरकर्त्याची माहिती मागितली गेली. खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच सिग्नल देऊ शकलं, कारण त्याच्याकडे बाकी काही साठवलेलंच नव्हतं. व्हॉट्सॲपकडे याहून बरीच जास्त माहिती असते. २०२१ च्या गोपनीयता धोरणातून वापरकर्त्यांची माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्याच्या मुद्द्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

राइनपाडा आणि ‘पहिला प्रेषक’

या विषयाची दुसरी बाजू महाराष्ट्राने फार जवळून पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राइनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले होते. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी जास्तीत जास्त पाच चॅटमध्येच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घालत असल्याचं जाहीर केलं. पण मजकूर कंपनीलाच दिसत नसेल तर अफवा मुळात कुणी सोडली हे शोधायचं कसं, हा प्रश्न उरला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियम आणले. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग ॲपनी, न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आल्यास, मेसेजचा पहिला प्रेषक ओळखून द्यावा, असं त्यात म्हटलं आहे. गंभीर गुन्ह्यांपुरतंच हे मर्यादित आहे आणि मजकूर उघड करण्याची सक्ती नाही, असं सरकारचं म्हणणं आहे.

व्हॉट्सॲपने मे २०२१ मध्ये या नियमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. उद्या कोणत्या मेसेजबद्दल विचारणा होईल हे आज माहीत नसतं. त्यामुळे एकाचा माग काढण्यासाठी प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजवर खूण ठेवावी लागेल, असा कंपनीचा युक्तिवाद आहे. एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर व्हॉट्सॲप भारतात राहणार नाही, असं तिच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयात सांगितलं.

तज्ज्ञांमध्येही मतभेद आहेत. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणात आयआयटी मद्रासचे प्रा. व्ही. कामकोटी यांनी मेसेजसोबत मूळ प्रेषकाची माहिती जोडण्याचा मार्ग सुचवला होता. त्याला आयआयटी मुंबईचे प्रा. मनोज प्रभाकरन यांनी आक्षेप घेतले.

या वादाला घटनात्मक पाया आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. हा हक्क अमर्याद नाही, पण त्यावर बंधन घालायचं तर त्याला कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा आणि बंधन त्या उद्देशाच्या प्रमाणात हवं, असा निकष त्यातून पुढे आला.

राइनपाड्यातल्या कुटुंबांना गुन्हेगार सापडायला हवा होता, आणि धमक्या झेलणाऱ्या पत्रकाराला आपला स्रोत लपवता यायला हवा. कुलूप मात्र दोघांसाठी एकच आहे. फक्त चांगल्या माणसाच्या हाती उघडेल अशी किल्ली गणितात बनवता येत नाही.

वापरकर्त्याने काय करावं?

• बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावावं. त्याचा पासवर्ड जपून ठेवावा, कारण तो हरवला तर बॅकअप कंपनीलाही उघडता येत नाही.

• व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करावं आणि सहा आकडी नोंदणी कोड कुणालाही सांगू नये. खाती बळकावण्यासाठी ठग हाच कोड मागतात.

• ‘लिंक्ड डिव्हायसेस’ अधूनमधून तपासावं. सायबर कॅफेतल्या किंवा कार्यालयातल्या संगणकावर चालू राहिलेलं व्हॉट्सॲप वेब तिथे दिसतं.

• फोनला पक्का पासवर्ड लावावा आणि अपडेट टाळू नयेत. २०१९ ची त्रुटी अपडेटनेच बुजवली गेली होती.

• नाजूक मजकुरासाठी आपोआप पुसले जाणारे मेसेज वापरावेत. पण समोरच्याने त्याआधी स्क्रीनशॉट काढला असेल तर तो राहतोच.

• ग्रुपमध्ये काही लिहिण्याआधी सदस्यांची यादी एकदा पाहावी.

चॅटच्या वर दिसणारी ती सूचना खरी आहे. पण ती फक्त वाटेबद्दल बोलते. एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जाताना मेसेज सुरक्षित असतो. तिथे पोहोचल्यावर त्याचं काय होतं, हे त्या दोन फोनच्या मालकांवर अवलंबून असतं.