बांधाआडचे शहर आणि पुराचा विमा



आपल्याकडच्या नदीकाठच्या एखाद्या जुन्या गावात जाऊन पाहा. देऊळ, चावडी, जुने वाडे हे सगळे पांढरीवर, म्हणजे उंचवट्यावर असते. खाली नदीलगत असतात ती मळईची शेते. पूर आला तर एखादे पीक जाईल, पण माणसे आणि गुरे वाचतील, असा हा वाडवडिलांचा हिशेब. हाच हिशेब एका मोठ्या शहराला एकेकाळी पक्का ठाऊक होता. मग तो विसरला गेला. त्या विसरण्याची आणि त्यातून निघालेल्या पुराच्या विम्याची गोष्ट आज सांगायची आहे. हे शहर म्हणजे अमेरिकेतील लुईझियाना राज्याचे न्यू ऑर्लिन्स.

सन १७१८ मध्ये बिएनव्हील या फ्रेंच अधिकाऱ्याने मिसिसिपी नदीच्या एका मोठ्या वळणावर हे गाव वसवले. नदीच्या वाटेने समुद्र इथून सुमारे १०० मैल. पण गावाच्या पाठीमागे पॉन्चर्ट्रेन नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे, आणि ते समुद्राला जोडलेले आहे. म्हणजे पुढे नदी, मागे समुद्राचे पाणी, आणि मधोमध गाव.

आता इथली एक गंमत ध्यानात घ्या. आपल्याला वाटते, नदीजवळची जमीन सखल आणि दूरची उंच. तिथे नेमके उलटे आहे. मिसिसिपीला पूर आला की जड रेती आणि गाळ काठालगतच बसतो, आणि बारीक चिखल तेवढा मागे वाहत जातो. असे हजारो वर्षे झाल्याने नदीचा काठच सर्वांत उंच झाला. तिथून मागे जावे तसतशी जमीन उतरत जाते, आणि पुढे लागते दलदल. पहिल्या वसाहतवाल्यांनी घरे बांधली ती या उंच काठावर. तरीही पुराने छळलेच, म्हणून काठावर मातीचे बांध घातले. पुष्कळ घरे जमिनीपासून दोनतीन फूट उंच खांबांवर उभी केली. १८०३ मध्ये हा मुलूख अमेरिकेने फ्रान्सकडून विकत घेतला, शहर वाढले, व्यापार वाढला. पण मागची दलदल बराच काळ दलदलच राहिली.

मग यंत्रे आली. विसाव्या शतकाच्या आरंभी बाल्डविन वुड नावाच्या इंजिनिअरने प्रचंड ताकदीचे पंप तयार केले. हे पंप रात्रंदिवस पाणी उपसून सरोवरात टाकू लागले. दलदल सुकली, रस्ते झाले, जमिनीचे तुकडे पडून विकले गेले. स्वस्त जागा म्हणून कामगार आणि गरीब काळे लोक काही भागांत गेले, आणि सरोवराकाठच्या नव्या वसाहतींत गोरे मध्यमवर्गीय गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर तर घरे खांबांवर बांधण्याची चालही मागे पडली. जमिनीवर काँक्रीटचा थर घालायचा आणि त्यावर घर उभे करायचे, म्हणजे झाले!

पण ओली दलदल वाळवली की ती बसते. शेताच्या तळ्यातला गाळ उन्हाळ्यात कसा भेगाळून खाली जातो, तसेच हे. पाणी उपसावे तशी जमीन खचली, आणि जमीन खचली म्हणून आणखी उपसावे लागले. आज या शहराचा जवळजवळ निम्मा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. काठ उंच आणि मध्य खोल, अशी ही परात झाली. परातीत पडलेले पाणी आपोआप बाहेर जात नाही.

१९२७ साली मिसिसिपीला भयंकर पूर आला. शहर बुडेल या धास्तीने तिथल्या मातब्बर मंडळींनी सरकारकडून मंजुरी मिळवली, आणि शहराच्या खालच्या अंगाला, खेड्यांच्या बाजूचा बांध २९ एप्रिल रोजी सुरुंग लावून उडवला. हजारो शेतकरी, मासेमार आणि फासेपारधी बेघर झाले. नुकसानभरपाईचे वचन दिले होते. हाती आले ते फार थोडे. पुढे तर असे दिसून आले की वरच्या अंगाला बांध आपणच फुटत होते, तेव्हा हा सुरुंग लावायची गरजच नव्हती. शहराची जोखीम खेड्यांनी सोसली. पण कोणाचे नुकसान कोणी भरून द्यायचे, हा प्रश्न मात्र सुटला नाही.

त्या काळात काही खाजगी कंपन्या पुराचा विमा उतरवत असत. १९२७ नंतर त्यांनी या धंद्यातून अंग काढून घेतले. का, ते समजून घेऊ. गावात शंभर घरे आहेत. दरवर्षी प्रत्येकाने थोडी रक्कम एका पेटीत टाकायची, आणि ज्याचे घर जळेल त्याला त्यातून मदत द्यायची. हा झाला आगीचा विमा. आग बहुधा एकाददुसऱ्या घराला लागते, म्हणून पेटी पुरते. पण पूर एकेक घर निवडून येत नाही. तो आळीच्या आळी घेऊन जातो, आणि पेटी एका दिवसात रिकामी होते. दुसरे असे की, टेकडीवरचा माणूस पुराच्या पेटीत पैसे टाकेल कशाला? पैसे टाकायला येतात ते फक्त खोलगटातले. मग हप्ता इतका चढतो की त्यांनाही तो परवडत नाही.

सप्टेंबर १९६५ मध्ये बेट्सी नावाचे चक्रीवादळ आले. बांध फुटले, आणि लोअर नाइन्थ वॉर्ड हा गरिबांचा भाग पाण्याखाली गेला. लोक पाण्याला भिऊन माळ्यावर चढले, आणि छप्पर फोडता न आल्याने काही तिथेच अडकले. तेव्हापासून त्या भागात माळ्यावर कुऱ्हाड ठेवण्याची रीत पडली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन दुसऱ्याच दिवशी तिथे गेले. दोन गोष्टी ठरल्या: नवे मोठे बांध घालायचे, आणि सरकारने पुराचा विमा काढायचा.

विम्याचा विचार करताना गिल्बर्ट व्हाइट या भूगोलतज्ज्ञाच्या समितीने १९६६ मध्ये एक इशारा दिला होता. विमा नीट राबवला तर लोक सखल जागी घर बांधण्यापूर्वी विचार करतील; पण हप्ता जोखमीपेक्षा कमी ठेवला तर लोक उलट तिथेच घरे बांधतील, आणि नुकसान वाढेल. १९६८ साली कायदा झाला. त्यात योजना अशी की, गावाने पूरक्षेत्रात बांधकामाचे नियम करावेत, मगच तिथल्या रहिवाशांना सरकारी विमा मिळेल. जुन्या घरांना सवलतीचा हप्ता, नव्यांना जोखमीप्रमाणे. १९७३ च्या कायद्याने, धोक्याच्या क्षेत्रात कर्ज काढून घर घेणाऱ्याला विम्याची सक्ती झाली.

धोक्याचे क्षेत्र ठरवले ते ‘शंभर वर्षांतल्या पुरा’वरून. हा शब्द फार फसवा आहे, बरं का! शंभर वर्षांतून एकदाच येणारा पूर, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी शंभरात एक इतकी त्याची शक्यता, असा अर्थ आहे. शिक्षक मंडळींनी वर्गात एक खेळ करून पाहावा. मडक्यात शंभर चिंचोके घ्या आणि एकाला चुना लावा. प्रत्येक मुलाने न पाहता एक चिंचोका काढायचा आणि परत टाकायचा, असे तीस वेळा. तीस वेळा म्हणजे घराच्या कर्जाची तीस वर्षे. चाळीस मुलांच्या वर्गात दहाएक मुलांच्या हाती चुन्याचा चिंचोका एकदा तरी येईल. हिशेबाने शक्यता शंभरात २६ आहे. म्हणजे चारातल्या एका घराला कर्ज फिटण्याआधीच पाणी लागणार. ‘शंभर वर्षांतला पूर’ ऐकून निर्धास्त झालेल्या माणसाला हे कोणी सांगितलेले नसते.

न्यू ऑर्लिन्समध्ये यात आणखी एक गुंता झाला. नकाशात बांधाच्या आडोशाचे पुष्कळ भाग धोक्याच्या बाहेर दाखवले गेले, आणि तिथे विम्याची सक्ती नव्हती. शिवाय गरीब वस्तीत कित्येक घरे आजोबांकडून बापाकडे आणि बापाकडून मुलाकडे आलेली. घरावर कर्ज नाही म्हणून सक्ती नाही, आणि सक्ती नाही म्हणून विमाही नाही. बेट्सीनंतर आखलेले बांध सुमारे तेरा वर्षांत पुरे व्हायचे होते. चाळीस वर्षे झाली तरी ते अपुरेच होते.

२००५ चा पावसाळा आपल्या लोकांना विसरता येणार नाही. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. खाड्या बुजवून, बेटे जोडून केलेल्या त्या शहरात पाणी आपली जुनी वाट शोधत फिरले. त्यानंतर जेमतेम महिन्याने, २९ ऑगस्टला, कॅटरीना चक्रीवादळ न्यू ऑर्लिन्सजवळ किनाऱ्यावर आदळले. कालव्यांच्या भिंती पन्नासाहून अधिक जागी फुटल्या. काही भिंती तर वरून पाणी जाण्यापूर्वीच पायातून सरकल्या. बांधकामाच्या आखणीतच चूक होती, हे बांधणाऱ्या सरकारी इंजिनिअरांनी पुढच्या वर्षी कबूल केले. शहराचा ८० टक्के भाग बुडाला. एक हजाराहून अधिक माणसे त्या वादळात दगावली. माळ्यावर पुन्हा माणसे अडकली. आणि कोरडे राहिले काय? बव्हंशी तोच नदीचा उंच काठ, १७१८ चा जुना गाव.

पाणी ओसरल्यावर विम्याचे कागद निघाले. घराच्या साध्या विम्यात वाऱ्याचे नुकसान मिळते, पुराचे नाही. मग घरोघरी वाद सुरू झाला: छप्पर वाऱ्याने गेले की पाण्याने? ज्याच्याकडे पुराचा विमा होता त्याला काही मिळाले. ज्याच्याकडे नव्हता तो सरकारी मदतीच्या रांगेत उभा राहिला. ती मदतही, दुरुस्तीचा खर्च आणि वादळापूर्वीची घराची किंमत यांपैकी जी रक्कम कमी असेल तिच्या हिशेबाने दिली गेली. गरीब वस्तीत घराची किंमत कमी, पण विटा, लाकूड आणि सुताराची मजुरी सगळीकडे सारखी! पुष्कळांना घर उभे करता आले नाही. २००० साली शहराची वस्ती ४,८४,६७४ होती. २०१० साली ती ३,४३,८२९ भरली.

सरकारी विम्याने कॅटरीनापायी सुमारे १,६०० कोटी डॉलर दिले. पेटीत एवढे पैसे कुठले? तिजोरीतून कर्ज काढले. पुढे आणखी वादळांची भर पडली, आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या संसदेने १,६०० कोटी डॉलरचे कर्ज माफ केले. १९६६ चा इशारा खरा ठरला.

त्यानंतर सुमारे १,४५० कोटी डॉलर खर्चून नवे बांध, दरवाजे आणि पंप बसवले. २९ ऑगस्ट २०२१ रोजी, बरोबर सोळा वर्षांनी, आयडा वादळ आले, तेव्हा हे बांध टिकले. त्याच वर्षी विम्याचे नवे दर आले. आता प्रत्येक घराची उंची, पाण्यापासूनचे अंतर, बांधणी पाहून हप्ता ठरतो. हप्ता आता जमिनीचे खरे सांगू लागला, ही चांगली गोष्ट. पण खरे ऐकण्याची किंमत मोजायची कोणी? ज्याचे आजोबा दुसरीकडे जागा मिळेना म्हणून खोलगटात गेले, त्या नातवाने? वर्षाला हप्तावाढीवर बहुतेकांना १८ टक्क्यांची मर्यादा आहे खरी, तरीही ती अनेकांना पेलत नाही, आणि पेलली नाही की माणूस विमाच सोडून देतो. २००६ मध्ये काही सखल भाग मोकळे सोडून तिथे बागा कराव्यात अशी एक योजना नकाशावर हिरवे ठिपके काढून मांडली गेली, तेव्हा लोक खवळून उठले. ‘आमच्या घराच्या जागी बाग, आणि आम्ही कुठे?’ त्यांचा राग समजण्यासारखा होता. उंच जागा दाखवल्याशिवाय सखल जागा सोडा म्हणणे, हा काही न्याय नव्हे.

या तीनशे वर्षांतून मला एवढेच सांगायचे आहे. बांध पाणी अडवतो, विमा पैसे देतो; पण जमिनीची उंची दोघांनाही बदलता येत नाही. बांध आणि विमा असावेतच. मात्र ते आहेत म्हणून जमिनीकडे पाहणे सोडले, तर दोन्ही मिळून आपल्याला अधिक खोल पाण्यात नेतात.

आपल्या राज्यातही नद्यांच्या काठी निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळी साधारण पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. आपल्या गावात ती आखली आहे का, कुठून जाते, हे विचारून घ्या. घराचा विमा काढताना पुराचा समावेश आहे ना, हे वाचून घ्या. एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ या घरविम्यात तो असतो. आणि हे काम उन्हाळ्यातच करा. अमेरिकेतल्या सरकारी पूरविम्याला बहुधा तीस दिवस थांबल्याशिवाय जोर येत नाही, कारण तहान लागल्यावर विहीर खणणारे लोक तिथेही आहेत.

शिक्षकांना एक विनंती. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मुलांनी विचारावे: मोठ्या पुरात पाणी कुठपर्यंत आले होते? देवळाच्या कितव्या पायरीला लागले होते? त्या जागी चुन्याची एक रेघ ओढून साल लिहून ठेवावे. ज्याला उद्या तिथे घर बांधायचे असेल, तो पाया खणण्यापूर्वी ती रेघ वाचेल.